त्याची शिक्षा दिल्लीत झाली

‘उसकी शिक्षा दिल्ली में हुई’ हे हिंदी वाक्य घ्यावं आणि शब्दाला शब्द ठेवत मराठीत आणावं. ‘त्याची शिक्षा दिल्लीत झाली.’ व्याकरणात चूक नाही, शुद्धलेखनात चूक नाही, आणि दिल्लीत शिकलेला माणूस गुन्हेगार ठरला. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीतच लिहिल्या जातात, त्यामुळे वाचताना डोळा कुठे अडखळतही नाही.

या वाक्यावरून एका मावशी-भाचीत झालेला वाद मी ऐकला. मावशींनी उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. भाची हिंदी मालिका आणि माहितीपटांना मराठी उपशीर्षकं लिहिते. अक्षर हेच दोघींच्या पोटापाण्याचं साधन, पण अक्षराकडून अपेक्षा अगदी निराळ्या. वाद महत्त्वाचा वाटला म्हणून इथे मांडतो आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे माझंही मत घातलं आहे.

मावशी : हे असं होणारच. वाचणाऱ्यासमोर असतात ती फक्त अक्षरं. दोन वेगळे शब्द एकसारखे लिहिलेत तर त्याने ओळखायचं कशावरून? आम्ही ‘नांव’ लिहायचो, डोक्यावर अनुस्वार देऊन. अनुस्वाराशिवाय ‘नाव’ म्हणजे होडी. १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम शासनाने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तेव्हापासून नाव तीच आणि नावही तेच.

भाची : मावशी, ‘नाव’ आणि ‘शिक्षा’ एका माळेत ओवू नकोस. नाव हे दोन शब्द आहेत. एक ‘नामन्’पासून आलेला, दुसरा ‘नौ’पासून. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त लिहिताना ते सारखे दिसतात. ‘शिक्षा’ हा एकच शब्द आहे, दोन घरी वाढलेला. दोन्हींचा त्रास निराळा.

मावशी : वाचणाऱ्याला सारखाच.

भाची : मुळीच नाही. ‘त्याने नाव घेतलं’ आणि ‘त्याने नाव घेतली’. पहिल्यात कुणाचा तरी उल्लेख झाला, दुसऱ्यात होडी विकत घेतली गेली. लिंगाने निकाल लावला. विभक्ती लावून बघ. नावात आणि नावेत, नावाला आणि नावेला. अनेकवचन नावं आणि नावा. अनुस्वार करत होता ते काम सामान्यरूप आधीपासून करतच होतं, आणि ते तर बोलतानाही ऐकू येतं. तुझा अनुस्वार बोलण्यात कधी ऐकू आला का?

मावशी : एका शब्दावर जिंकू नकोस.

भाची : मग ‘सर’ घे. पावसाची सर आली. वर्गात सर आले. मोत्यांचा सर तुटला. तीन शब्द, लेखन एक, आणि तिन्ही वाक्यांत क्रियापदाने सांगितलं की कोणता सर. मराठीला तीन लिंगं आहेत, आदरार्थी अनेकवचन आहे, सामान्यरूप आहे. हिंदीकडे यातलं नपुंसकलिंग नाही, इंग्रजीकडे जवळजवळ काहीच नाही. एका लेखनात चार शब्द राहू द्यायला आपल्याइतकी सोय फार थोड्या भाषांत असेल.

इथे मावशींचा सूर बदलला. त्यांना व्युत्पत्तीचा नाद आहे आणि ‘सर’ म्हटल्यावर त्यांना गप्प बसवेना.

मावशी : सर तीनच नाहीत. सरकार, सरदार, सरपंच यांतला सर फारसी आहे, अर्थ डोकं. आपल्या ‘शिर’चा तो लांबचा भाऊ. दोघे एकाच प्राचीन मुळातून निघाले. सरपंचात तर फारसी डोकं आणि संस्कृत पंच एकत्र आले. वर्गातले सर इंग्रजीतून आले, इंग्रजीत फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सेनिऑर’, म्हणजे वयाने मोठा. त्या ‘सेन’चा भाऊ संस्कृतात ‘सन’, म्हणजे जुना, आणि ‘सनातन’मधला ‘सना’ही त्याच गोतावळ्यातला. आपण मात्र ‘सन १९६२’ लिहितो तो सन अरबी आहे. त्याचा सनातनाशी काडीचाही संबंध नाही.

भाची : बघ, सनातन आणि सन यांना डोळ्यांनी जवळ आणलं, पण नातं आहे सनातन आणि सर यांचं. लेखनावरून नातं ओळखता येतच नाही.

मला यात ‘पाव’ची भर घालावीशी वाटली. पायाने कणीक तुडवतात म्हणून पाव, किंवा लादीचा चौथा भाग म्हणून पाव, या गोष्टी आजही मोठ्या विश्वासाने सांगितल्या जातात. चौथ्या भागाचा पाव संस्कृत ‘पाद’पासून आला, पावशेरातला तो. खायचा पाव पोर्तुगीज ‘पांव’, आणि त्याच्या मागे लॅटिन ‘पानिस’. ‘देव पावला’तलं पावणं आणखी तिसरंच, ‘प्राप्’ या धातूकडे जाणारं. लेखन जुळलं की लोक गोष्ट रचतात आणि ती गोष्ट खऱ्या इतिहासाला बाजूला सारते. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर आलेली भाकरीची एक सबंध संस्कृती या तुडवण्याच्या कथेत पुसली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

‘बस’वर मात्र दोघींचं एकमत झालं, आणि तिथे त्या रमल्याही. ‘बस झालं, बस येईपर्यंत इथेच बस.’ शेवटची बस ‘उपविश्’ या संस्कृत धातूची, प्राकृतातून झिजत आलेली. पहिली फारसी, पुरे या अर्थाची. मधली लॅटिन ‘ऑम्निबस’ची शेपटी. ऑम्निबस म्हणजे सर्वांसाठी. त्यातलं ‘सर्व’ गळून गेलं आणि उरला तो चतुर्थीच्या अनेकवचनी प्रत्ययाचा तुकडा. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईची पहिली मोटारबस धावली, तेव्हापासून हा लॅटिन प्रत्यय मराठी माणसाच्या तोंडी रुळू लागला, स्त्रीलिंगी होऊन. बसला, बसेस, बसमध्ये. आपल्या मूळच्या ‘बस’शी त्याची कधी टक्कर झाली नाही.

मावशी : बरं, लिंग आणि विभक्ती मान्य. पण उच्चाराचं काय? आपल्या च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत चिन्ह एकेकच. ‘जरा’ लिही. संस्कृत जरा म्हणजे म्हातारपण, तिचा ज जिवंतातला, जीभ टाळूला लागते. ‘जरा थांब’मधला जरा अरबी ‘जर्रा’, म्हणजे कण, फारसीतून आलेला, आणि त्याचा ज जखमेतला, दातांजवळचा. ‘जग’ घे. दुनिया म्हणजे जग एका उच्चाराचं, पाण्याचं भांडं जग दुसऱ्या उच्चाराचं. ‘चार’ आकडा एक आणि ‘गुरांना चार’ दुसरा. घरात मराठी ऐकत वाढलेल्या मुलाला हे आपोआप येतं. अमेरिकेत वाढणाऱ्या नातवंडाने पुस्तकातून शिकायचं तर कशावरून शिकावं?

भाची : इथे मी तुझ्या बाजूची आहे.

मावशी : काय?

भाची : खरंच. इथे फरक उच्चारात आहे आणि लेखनात नाही, म्हणजे लिपी कमी पडते आहे. शिकणाऱ्यांच्या पुस्तकांत आणि कोशांत अशा अक्षराला खूण असावी. ‘नांव’च्या अनुस्वाराचं नेमकं उलट होतं. खूण होती आणि उच्चार नव्हता.

मावशी : उच्चार नव्हता, पण इतिहास होता! ‘नाम’मधला म कुठे गेला, ते तो अनुस्वार सांगत होता. ग्राममधला म गांवात होता, पंचमधला ञ पांचात होता. शब्दाची जन्मकथा त्याच्या कपाळावर लिहिलेली होती. ती तुम्ही पुसलीत.

भाची : ती कोशात आहे. कृ. पां. कुलकर्ण्यांच्या व्युत्पत्तिकोशात बघता येते. दहा वर्षांच्या मुलाने प्रत्येक शब्दाची जन्मकथा पाठ करावी, तरच त्याला शुद्ध लिहिता येईल, हा अन्याय होता. आणि गेलं तेवढंच सांगू नकोस, मिळालं तेही सांग. जुन्या पद्धतीने ‘घरांत’ म्हणजे एका घरात की अनेक घरांत? दोन्हीकडे अनुस्वार. नव्या नियमाने ‘घरात’ एकवचन आणि ‘घरांत’ अनेकवचन. ‘मुलात’ आणि ‘मुलांत’. एक भेद गेला आणि त्याहून उपयोगाचा भेद आला.

मावशींनी यावर उत्तर दिलं नाही. मुद्रितशोधनात तो भेद त्यांनी स्वतः हजारो ओळींत सांभाळला असणार. माझं मत सांगायचं तर, अनुस्वाराबद्दलचं त्यांचं दुःख खरं आहे, पण भाचीचा हिशेब बरोबर आहे. भेद दाखवायला लेखन हवं की नाही, हे ठरवताना तो भेद वाक्याने आधीच दाखवला आहे का, एवढंच पाहावं.

आणि आता मूळ प्रश्न.

भाची : मावशी, सगळे अनुस्वार परत आण, वर टिंबं दे, खाली टिंबं दे. ‘शिक्षा’वर कोणतं टिंब देशील? शब्द तोच, उच्चार तोच, लिंगही तेच. माझा खरा घात होतो तो इथे. ‘नाव’ने मला आजवर कधीच फसवलं नाही.

मावशी : ‘शिक्षा’ फसवी नाही, खोल आहे. मूळ धातू ‘शक्’, समर्थ असणं. त्याची इच्छादर्शक छटा ‘शिक्ष्’, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा, त्यावरून शिकणं. सहा वेदांगांत शिक्षा हे एक आहे, आणि त्याचा विषय काय ठाऊक आहे? उच्चार. वर्ण, स्वर, मात्रा. तैत्तिरीय उपनिषदातल्या वल्लीच्या नावात तर शी दीर्घ आहे, शीक्षावल्ली.

भाची : म्हणजे शुद्ध उच्चाराच्या शास्त्राचं नाव शिक्षा. मग मराठीत ती तुरुंगात कशी गेली?

मावशी : आपण अजूनही म्हणतो ना, चांगला धडा शिकवला? शिकवणं आणि शासन करणं यांच्यात आपल्याकडे फार अंतर नव्हतं. ‘शास्’ धातूचंही तेच. त्यातून शास्त्र आलं, शिष्य आला आणि शासनही आलं. मराठीने शिकण्यासाठी ‘शिक्षण’ ठेवलं आणि ‘शिक्षा’ दंडाला दिली. हिंदीकडे दंडासाठी फारसी ‘सजा’ होती, म्हणून तिथे शिक्षा शाळेतच राहिली.

मावशींचं शेवटचं कारण मला पुरेसं वाटत नाही, कारण सजा मराठीतही आली होती. पण भाचीने पुढे जे सांगितलं ते नकाशावर ठेवून बघण्यासारखं आहे. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. नेपाळीतही. गुजरातीत मात्र मराठीसारखा दंड. कन्नडात ‘शिक्षे’ म्हणजे दंड, तेलुगूत ‘शिक्ष’ म्हणजे दंड, मल्याळममध्येही तेच. म्हणजे उत्तर आणि पूर्व एकीकडे, पश्चिम आणि दक्षिण दुसरीकडे. भाषांची कुळं पाहिली तर मराठीने हिंदी-बंगालीबरोबर असायला हवं होतं. या शब्दापुरती ती शेजाऱ्यांबरोबर गेली. ‘चेष्टा’चं असंच. संस्कृतात हालचाल, हिंदी-बंगालीत प्रयत्न, मराठीत थट्टा, आणि कन्नडात ‘चेष्टे’ म्हणजे खोडी. ‘उसने चेष्टा की’ म्हणजे त्याने प्रयत्न केला. ‘त्याने चेष्टा केली’ हे मराठीत तितकंच सरळ वाक्य, आणि धडपडणारा माणूस टवाळखोर होतो.

मावशी : राजीनामाही त्यातलाच.

भाची : तो कसा? तो तर फारसी.

मावशी : म्हणून तर सांगते. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांत झालेल्या तडजोडीचा कागद. आपल्याकडे नोकरी सोडण्याचा. कन्नडात ‘राजीनामे’, तमिळमध्ये ‘राजिनामा’, तिथेही सोडण्याचाच. मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात जमिनीवरचा हक्क सोडणारा राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. ‘मी राजीखुशीने सोडतो आहे’ असा तो कागद. राजीतलं ‘कबूल’ मागे पडलं आणि ‘सोडतो’ पुढे आलं. जमिनीवरून तो पदावर गेला.

भाची : आणि हिंदीतला वकील मराठीत आला, तर दोन पक्ष तडजोडीला बसले असताना त्याला वाटेल कुणी तरी पद सोडतंय. वाक्य मात्र बिनचूक राहील.

मावशी : हरकत तशीच. अरबीत हालचाल. हिंदीत वागणूक, बहुधा वाईट. आपल्याकडे अडथळा, आक्षेप. ‘हरकत नाही’ हे आपलं इतकं घरचं की ते अरबी आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. अरबी लिपीत व्यंजनावर स्वराची जी छोटी खूण देतात तिलाही हरकतच म्हणतात, कारण ती व्यंजनाला हलवते.

माझ्या दृष्टीने या सगळ्या वादाचं मर्म इथे होतं आणि ते स्पष्ट सांगायला हवं. वेगवेगळ्या मुळांचे शब्द एका लेखनात आले की क्वचितच घात करतात. त्यांचे अर्थ इतके दूरचे असतात की चुकीचा अर्थ वाक्यात बसतच नाही. होडी कुणी पुकारत नाही, म्हातारपण कुणी ‘थांब’ला जोडत नाही. एका मुळाचे शब्द घात करतात, कारण त्यांचे अर्थ अजून शेजारी आहेत आणि दोन्ही वाक्यात बसतात. माणसाचं शिक्षण दिल्लीत होऊ शकतं आणि शिक्षाही. तो प्रयत्न करू शकतो आणि थट्टाही. त्यामुळे ज्याला दोन्ही भाषा थोड्या-थोड्या येतात त्याला शंका येत नाही, आणि संगणकावरची शुद्धलेखन-तपासणीही गप्प बसते. ज्याला एकच भाषा येते तो सुरक्षित आहे, आणि ज्याला दोन्ही नीट येतात तोही. मधला माणूस धोक्यात, आणि आज महाराष्ट्रात मधलीच माणसं वाढत आहेत.

मावशी : वाढत आहेत, आणि भाषा बिघडवत आहेत. ‘मला यावर आपत्ती आहे’ असं आता मराठीत ऐकू येतं. आपत्ती म्हणजे संकट! भूकंप, महापूर. हिंदीत आपत्ति म्हणजे आक्षेपही होतो, म्हणून आपणही तसंच म्हणायचं? प्रकृती म्हणजे आपली तब्येत. ‘प्रकृतीचं रक्षण करा’ म्हटलं की मला वाटतं डॉक्टर सांगतोय, आणि त्यांना म्हणायचा असतो निसर्ग.

भाची : राजीनाम्याचा अर्थ फिरला तेव्हा कुणी आक्षेप घेतला? चेष्टेचा फिरला तेव्हा? ‘राग’ म्हणजे रंग, मग आसक्ती, आणि आपण त्याचा केला संताप. अनुरागात तोच राग अजून प्रेम करतोय. फिरलेल्या अर्थांवर तर मराठी उभी आहे. मग आजचा फिरला तर तो बिघाड कसा?

मावशी : कारण राजीनाम्याने मराठीला एक शब्द दिला, जो तिच्याकडे नव्हता. आणि इथल्या कारभाराच्या गरजेतून दिला. आपत्तीचा नवा अर्थ काय देतो? हरकत आहे, आक्षेप आहे. ते बाजूला पडणार आणि संकटासाठी असलेला शब्द पातळ होणार. ही देवघेव नव्हे, घाईत केलेली नक्कल आहे.

भाची थोडा वेळ बोलली नाही. मग तिने कबूल केलं की उपशीर्षक लिहिताना दोन सेकंदांत पडद्यावर मावेल इतकाच शब्द हवा असतो, आणि मूळ संवादातला शब्द देवनागरीत समोर दिसत असला की हात आपोआप तोच लिहितो. उलट्या दिशेनेही हेच होतं. मराठी बातमीतली ‘घटना दुरुस्ती’ हिंदी वाचकाला एखाद्या प्रसंगाची दुरुस्ती वाटेल, कारण घटना म्हणजे संविधान हा अर्थ हिंदीत नाही. मावशींची कसोटी मला पटली. नवा अर्थ भाषेला काही देतो की नुसतं असलेलं झाकतो, हे विचारता येतं आणि त्याचं उत्तरही देता येतं. पण ती कसोटी लावायची तर आधी कळायला हवं की इथे दोन अर्थ आहेत.

मावशी : म्हणून म्हणते, टिंबांचं राहू दे. एक कोश कर. फक्त अशाच शब्दांचा, जे हिंदीत आणि मराठीत एकसारखे लिहितात आणि मूळही एकच. शिक्षा, चेष्टा, संसार, आपत्ती, प्रकृती, हरकत, राजीनामा. तुझ्या क्षेत्रातल्या सगळ्यांना उपयोगी पडेल.

भाची : कन्नडाचा रकानाही हवा. लिपी वेगळी असली तरी शब्द जवळजवळ तोच. संसार त्यांच्याकडेही घरसंसारच, कादंबरी त्यांच्याकडेही कादंबरीच. हिंदीतला ‘उपन्यास’ कन्नडात भाषण होतो.

मावशी : मग कन्नडातून मराठीत आणणं सोपं.

भाची : तिथले घात दुसरे असतील. ‘अवसर’ घे. हिंदीत संधी, आपल्या जुन्या मराठीतही संधी. कन्नडात घाई. तेलुगूत गरज.

मावशी : एकाच वेळी संधी, घाई आणि गरज?

भाची : हो. वेळ येणं हा मूळ अर्थ असेल, तर तिन्ही त्यातून निघतात.

मावशी : मग पहिली नोंद ‘अवसर’ची घाल. बेळगावकडचा, दोन्ही भाषा घरात बोलणारा कुणीतरी शोध, म्हणजे कन्नड रकाना कोशावरून भरावा लागणार नाही. मुद्रितं मी तपासते.